परीक्षेची केस

"पाऊल आत-बाहेर कुठल्या सांध्यातून वळतं?" परीक्षकांनी विचारलं.

गयाबाईचा वाकडा पाय हातात धरून शिकाऊ डॉक्टरीण घामाघूम झाली. "घोट्यातून, सर?"

"घोट्यातनं नुसतं वर-खाली होतंय," खाटेवरून गयाबाई पुटपुटली. "आत-बाहेर त्याच्या खालच्या सांध्यातनं. सांग की पटकन!"

पोरीनं सांगितलं आणि ती पास झाली.

हे सतरा वर्षं चाललंय. परीक्षा आली की सरकारी दवाखान्याला गयाबाई आठवते. चहा-बिस्कीट देतात आणि सांगतात, परीक्षा उरकली की तुमचं ऑपरेशन. पोरं डॉक्टर होतात, गयाबाई लंगडत घरी जाते.

आज तिनं परीक्षकांचा पांढरा कोटच धरला. "साहेब, तुम्हालाबी ह्याच खाटेवरनं मीच पास केलंय. आता तरी पाय सरळ करा."

साहेब हसले. "मावशी, असा पाय जिल्ह्यात दुसरा नाही. तो सरळ केला तर पोरांना दाखवायचं काय?"

तेवढ्यात पुढचा विद्यार्थी आत आला. गयाबाईनं पाय चादरीखाली ओढून घेतला.

"तुमचा सरळ हाय न्हवं? मग काढा बूट, साहेब, आणि चढा खाटेवर."