बचतीचं बक्षीस

लग्न तोंडावर आलं होतं आणि नवरदेवाचं जहाज मोबाइलच्या नकाशावर मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. रिटायर एसटी ड्रायव्हर दाजी मयेकर त्या ठिपक्याकडे बघत उजवा पाय फरशीवर दाबत होते.

शेवटी एकदाचा मुलाचा फोन लागला. "अरे, कॅप्टन आहेस ना तू? मग दाब की जरा!"

"बाबा, मालवाहतुकीचे भाव पडलेत," निनाद म्हणाला. "तेल महाग झालंय. जहाज हळू चालवलं की निम्मं तेल वाचतं. कंपनीचीच ऑर्डर आहे. आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त तेल वाचवल्याचं यंदाचं बक्षीस मलाच मिळतंय!"

"बक्षीस गेलं खड्ड्यात! मुहूर्त टळला तर मुलीकडच्यांना काय तोंड दाखवू? असली कसली ही कद्रू कंपनी..."

आरडाओरडा ऐकून बायको स्वयंपाकघरातून आली. तिनं भिंतीवरचं जुनं घड्याळ पदरानं पुसलं. त्यावरची अक्षरं उजळली : 'डिझेल बचत, प्रथम क्रमांक'.

"आपल्या लग्नात वऱ्हाडाची एसटी तुम्हीच चालवत आणलीत, मुंडावळ्या बांधून," ती म्हणाली. "अख्खा घाट रांगत. इकडे मी हार धरून उभी, फुलं सुकेपर्यंत. त्याच वर्षी मिळालं ना हे?"

दाजींचा पाय आपोआप फरशीवरून उचलला गेला.

"निनाद," ते हळूच फोनमध्ये म्हणाले, "भटजींशी मी बोलतो, तू ये सावकाश. पण बक्षीस म्हणून घड्याळ देत असतील, तर घेऊ नकोस."