पापणीचा केस

"नंबर वाचा," ती म्हणाली आणि वीस वर्षांपूर्वीचं पत्र तिने काउंटरवर आपटलं.

स्टुडिओच्या मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. पत्र त्यांच्याच अक्षरातलं होतं. स्टुडिओची पोर्ट्रेट लेन्स चोरल्याबद्दल मदतनिसाला कामावरून काढत असल्याचं त्यात लिहिलं होतं. खाली लेन्सचा नंबर होता. मदतनीस म्हणजे तिचे बाबा. आणि तीच लेन्स, त्याच नंबरची, मालकांच्या काचेच्या कपाटात दिमाखात बसली होती.

"तीच आहे," मालक म्हणाले.

"मग आली कुठून?"

"मिळाली. टपालाने, बिननावाच्या खोक्यात."

"मिळाली! स्वतःच्याच अडगळीत मिळाली म्हणायला जीभ रेटत नाही वाटतं?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. लहानपणी ती त्यांना काका म्हणायची. आता त्या शब्दाची तिला चीड येत होती.

"दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. तुमची पाटी दिसू नये म्हणून शेवटपर्यंत ते लांबच्या रस्त्याने जायचे. आई वीस वर्षं शेजारणींच्या नजरा झेलतेय. मला माफीपत्र हवंय. तुमच्या हातचं, तुमच्या सहीचं."

"देतो. तू सांगशील ते लिहून देतो. पण आधी ही लेन्स बाबांच्या कॅमेऱ्यावर लाव आणि माझा एक रोल काढ."

"कशाला?"

"माझ्या कॅमेऱ्यावर आता फोटो नीट येत नाहीत."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

मालक हसले नाहीत. "हट्टी लेन्स आहे ही. आतलं छिद्र पूर्ण उघडून जवळून फोटो काढला, तर बोटभर चूकसुद्धा खपवून घेत नाही. लेन्स आणि कॅमेरा दोन्ही टेबलावर घ्यायचे, मध्ये पितळेच्या चकत्या घालायच्या, त्या घासत बसायचं, तेव्हा कुठे दोघांचं जुळतं. मग त्या एकाच कॅमेऱ्याशी तिचा संसार. दुसऱ्यावर चढवली तर आपण नेम धरावा डोळ्यावर आणि स्पष्ट यावा कान."

टाळाटाळ आहे, हे तिला दिसत होतं. पण ती प्रयोगशाळेत वजनकाटे तपासायची, आणि तपासणीला नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाबांचा रेंजफाइंडर कॅमेरा घेऊन आली. मालक खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. तिने टेपने अंतर मोजलं, बरोबर एक मीटर. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत मालकांच्या डोळ्याच्या दोन प्रतिमा दिसत होत्या. रिंग फिरवत तिने एक दुसरीवर आणून बसवली. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघता येत नाही. नेम लागला की चुकला, ते फिल्म धुतल्यावरच कळतं.

"हसू का?" मालकांनी विचारलं.

"कशाला? त्या पत्रात हसण्यासारखं काय होतं?"

बटण दाबल्याचा बारीक आवाज झाला.

"त्याचा हात फार चांगला होता," मालक म्हणाले.

"म्हणूनच चोर ठरला. हलू नका."

बारा फोटो झाले. घरी बाबांच्याच डब्यात तिने फिल्म धुतली, वाळवली आणि भिंगाखाली धरली. बारीकसारीक दोष शोधायचे म्हणून ती बसली होती, पण सापडेना. कान धुक्यात विरघळल्यासारखे मऊ, आणि डोळा असा की पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. मनात राग असूनही तिला कबूल करावं लागलं, लेन्स लाखात एक होती. ज्या माणसाच्या कपाळी या लेन्सने वीस वर्षं कलंक लावला, त्यालाच ती वापरायला मिळू नये, याने ती आणखीच भडकली.

तिसऱ्या दिवशी तिने मोठा करून छापलेला फोटो मालकांपुढे ठेवला, शेजारी कोरा कागद आणि पेन.

"घ्या. तुमची हट्टी लेन्स अगदी सरळ आहे. हट्टी होतात ते तुम्ही."

मालक फोटोवर वाकले. बराच वेळ ते स्वतःच्याच डोळ्यांकडे बघत राहिले.

"सगळे असेच आलेत?"

"बाराच्या बारा. आता लिहा."

त्यांनी कागद पुढे ओढला. मग हळूच विचारलं, "हा कॅमेरा त्याने कधी घेतला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आता कॅमेराही चोरीचाच ठरवणार का? पावती आहे घरी! तुम्ही हाकलल्यावर तीन वर्षांनी घेतलाय, नवा कोरा. माझ्या डोळ्यांदेखत आणला. महिनाभर रोज जेवणाच्या टेबलावर घेऊन बसायचे, पितळेच्या चकत्या घासत..."

ती थांबली.

मालकांनी पेनाचं टोपण काढलं.

"सांग बाळ, काय लिहू?"