लेथवरचा हार

मुलांनो, जरा कल्पना करा. आंधळगावात भय्याजींचं पत्र्याचं वर्कशॉप आहे आणि भंगारातून आणलेलं जुनं लेथ मशीन त्यांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलंय. दसऱ्याला त्याची पूजा झाली. झेंडूचा हार अडकवायला जागा मिळेना, म्हणून नात दामिनीनं लोखंड पकडून गरगर फिरणारा चक आवळायची चावी चकातच खोचली आणि तिच्यावर हार घातला. दुसऱ्या सकाळी हार तिनंच काढला, पण चावी तशीच राहिली.

भय्याजींनी मशीन सुरू केलं. चावी सणकन उडाली, त्यांच्या कानाजवळून गेली आणि पत्र्यावर आदळली.

आता बोलणी बसणार म्हणून दामिनी अंग चोरून उभी राहिली. भय्याजींनी मात्र बटण बंद केलं आणि ते हळूच म्हणाले, "मीच काढाले विसरलो असन, बेटा. आता ह्या हातायचा भरवसा नाही. इकून टाकतो मशीन."

दामिनी सुटली होती. तिच्यावर कुणाचा संशयही नव्हता.



तिनं चावी उचलून त्यांच्या हातात दिली. "आबाजी, हे मी लावली होती. आधी मले रागवा, मंग मशीन चालू करा."