पिठीची जागा

आईनं डालं उचललं आणि पिठीला परसात सोडलं. महिनाभर मागच्या खोलीत राहून कोंबडी चांगली गुटगुटीत झाली होती. शेपटीकडची पिसं परत आली होती, तुऱ्यावरच्या खपल्या गळून गेल्या होत्या. बाकीच्या कोंबड्यांनी टोचून टोचून तिचा पार चोथा केला होता, तेव्हा आईनंच तिला उचलून घरात आणलं होतं आणि हातावर दाणे घेऊन भरवलं होतं. कोंबडीचे एवढे लाड! बाबा म्हणायचे, मला नाही कधी असं भरवलंस.

मागच्या पायरीवर मुलगी बसली होती. तीही महिन्याभरापूर्वीच सासरहून निघून आली होती. आली तेव्हा गालफडं बसलेली, साधं भांडं पडलं तरी दचकायची. आता कुठं माणसात आली होती. आणि आज तिला न्यायला येणार होते. बाबांनी फोनवर सगळं परस्पर मिटवून टाकलं होतं, बॅग भरून पुढच्या दाराशी ठेवलेली होती. ‘जाऊ नकोस’, एवढंच आईला म्हणायचं होतं. सकाळपासून चारदा ओठांवर आलं आणि चारदा तिनं ते गिळलं. नवऱ्यानं ठरवलेलं मोडायची तिला सवयच नव्हती. मग हात कशात तरी गुंतवायचे म्हणून तिनं ही कोंबडी काढली.

परसात सगळं शांत होतं. कोंबड्या उकिरड्यावर पायांनी माती उकरत होत्या. एकीनं मान वाकडी करून पिठीकडे पाहिलं आणि परत किडे शोधायला लागली.

“बघ,” आई खुशीत म्हणाली, “विसरल्या सगळ्या. थोडे दिवस नजरेआड गेलं ना, की राग निवतो.”

“बाबाही काल हेच म्हणाले,” मुलगी म्हणाली.

आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पिठी भिंतीच्या कडेकडेनं दबकत पाण्याच्या परातीपाशी गेली. चोच बुडवते न बुडवते तोच ठेकेदारीण कोंबडी आली. काळी, थोराड, सगळं परस आपल्याच बापाचं असल्याच्या तोऱ्यात चालणारी. तिनं पिठीच्या डोक्यावर एकच टोचा मारला. आणि मग काय विचारता! सगळ्याच धावल्या. ज्या पूर्वी पिठीच्या वाटेलाही जात नव्हत्या त्या धावल्या. अजून अंड्यावरही न आलेली एवढीशी भुरी तलंग, जी पिठीला बघून बाजूला सरकायची, तीही येऊन तिच्या पाठीवर चढली.

पिठी पळाली नाही. कोपऱ्यात डोकं खुपसून बसली आणि टोचून घेत राहिली.

“अगं बाई, अगं बाई,” करत आई नुसतीच जागच्या जागी नाचत होती. मुलीनं खराटा उचलला, सगळ्यांना हुसकावलं आणि पिठीला उचलून आईच्या हातात आणून दिलं. तुरा परत फाटला होता. आईच्या हाताला रक्त लागलं.

“आई, तू चुकीची कोंबडी कळपातून काढलीस.”

“म्हणजे?”

“टोचणारीला काढायचं असतं. तिला थोडे दिवस वेगळं कोंडलं की तिचा तोरा उतरतो. तू टोचून घेणारीला काढलंस. हिची जागा तेवढ्यात दुसरीनं घेतली. आता ही परत गेली की परकीच.”

“तुला कोणी सांगितलं हे?”

“अंडीवाले काका सांगत होते परवा.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“मला वाटलं, तू हिला ठेवूनच घेणार आहेस.”

आई पदराच्या टोकानं पिठीचं डोकं टिपत बसली. मग उगाच चिडून म्हणाली, “अगं, पण ठेकेदारणीला कोंडू कशी? सगळ्यात जास्त अंडी तीच देते.”

“हो ना. तिथंही असंच आहे,” मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच आईला जास्त लागलं. “थोरल्या जाऊबाईंना कोण बोलणार? घर त्यांच्या पगारावर चालतं.”

पुढच्या बाजूला हॉर्न वाजला. बाबांचा आवाज आला, “आले बरं का! आटपा लवकर, त्यांना ताटकळत ठेवू नका.”

मुलगी नळाखाली हात धुवायला गेली. आता म्हणायचं, नाहीतर कधीच नाही, हे आईला कळत होतं. तिनं जांभळ्या औषधाची बाटली उघडली, कापूस भिजवला आणि तुऱ्यावर लावला. पिठी हातातल्या हातात थरथरली, तसा आईचा बांध फुटला.

“नाही गं माझ्या बाई,” ती रडत रडत कोंबडीला म्हणाली, “नाही सोडायची तुला परत त्यांच्यात. कोणी काही म्हणो, जन्मभर सांभाळीन मी तुला, पण तिकडं नाही पाठवायची.”

बोलून झालं आणि तिनं वर पाहिलं. मुलगी हात पुसत समोरच उभी होती.

“आटपलं का?” बाबांनी परत हाक मारली.

आईनं तोंड उघडलं. मुलगी थांबली, चांगली थांबली. पुढं काहीच आलं नाही, तेव्हा तिनं वाकून पिठीच्या पाठीवरून हात फिरवला.

“हिला माझ्या खोलीत ठेव, आई,” ती म्हणाली. “मोकळीच आहे आता.”