नावेतलं घर

भिलाईत कारखाना बनून राहिला होता, पण देवाजी सुताराले क्वार्टर काही भेटेना. मंग त्यानं मालगुजाराची जुनी, छपराची नाव घेतली, विटांवर चढवली, आतलं सडकं लाकूड काढून सागवानी फळ्या बसवल्या अन् घासून घासून त्यायचा आरसा केला.

भंडाऱ्याहून त्याची बायको गयाबाई आली ते बोलतच आली, "दोन दिस राहीन अन् जाईन. नावेत रायला आपण का मासे हाओ?"

तिच्यासाठीच तर देवाजीनं हे सारं मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी गयाबाई आत फिरली, फळ्यायवरून हात फिरवला अन् खेकसली, "अवो, चुलीजवळची फळी काढा अन् नीट बसवा. पावसाळ्यात इकडूनच झड येईन, मंग मी सैपाक कसा करू?"

आपल्याच हाताची फळी उचकटताना देवाजी शीळ घालून राहिला होता.