मुद्दाम खाल्लेला गोल

टेबलावर ट्रॉफी ठेवून तिच्याभोवती अख्खा संघ उघडाबंब नाचत होता, आणि गोलकीपर कोपऱ्यात बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. नाड्या कधीच्याच सुटल्या होत्या.

"अरे भिंत, ऊठ की! जिंकलोय आपण, तोंड पाडून काय बसलास?" कोच ओरडला.

सगळे त्याला भिंतच म्हणत. अख्ख्या लीगमध्ये त्याच्याइतके कमी गोल कुणीच खाल्ले नव्हते. त्यातला एक मात्र त्याने मुद्दाम खाल्ला होता, आणि तो काही केल्या पचत नव्हता.

गेल्या रविवारी लीगची शेवटची मॅच होती. जिंकले असते तर ट्रॉफी तेव्हाच हातात. बरोबरी झाली तर वरच्या दोन संघांचे गुण सारखे, आणि मग पुढच्या रविवारी दोघांचा प्ले-ऑफ. भिंतीचा संघ एका गोलने पुढे होता, मॅच संपतच आली होती. आणि त्याला बाबा आठवले.

बाबा म्हणजे एकेकाळचे नावाजलेले गोलकीपर. पोराच्या हातात पहिले ग्लव्ह्ज त्यांनीच चढवले. हृदयाचं ऑपरेशन होऊन हॉस्पिटलात पडले होते, बुधवारी घरी येणार होते. "पोराला ट्रॉफी उचलताना बघितलं की मी मोकळा," असं नर्सलासुद्धा सांगून झालं होतं. एक आठवडा, फक्त एक आठवडा पुढे ढकलता आलं तर!

तेवढ्यात समोरून एक मरतुकडा फटका आला. शेंबड्या पोरानेही अडवला असता. भिंतीने हात जरा उशिराच टाकले.

प्ले-ऑफ जिंकला की कुणाचं काय बिघडणार आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली. बिघडलं ते लंब्याचं. लंब्या बचावफळीतला, शाळेपासूनचा जिगरी दोस्त. आज गोलसमोर आडवा पडून त्याने मॅच वाचवली आणि गुडघा पार मोडून घेतला. स्ट्रेचरवरूनही गडी हसत होता.

"तुझ्या त्या गोलची भरपाई झाली बघ! आता जा, काकांना ट्रॉफी दाखव."

डॉक्टर कोचला बाजूला घेऊन म्हणाले, याचं खेळणं आता विसरा. भिंतीने ते ऐकलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा आज मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. पण शेवटची शिट्टी वाजली तशी आईचा हात धरून तडक घरी गेले. टाळीसुद्धा वाजवली नाही. आजारातून उठलेला माणूस, दमले असतील बिचारे!

तो घरी पोचला तेव्हा बाबा खिडकीपाशी खाटेवर टेकून बसले होते. त्याने ट्रॉफी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. आई स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावायला लागली.

"लंब्या कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"गुडघा गेला त्याचा. माझ्यामुळे गेला, बाबा. हा प्ले-ऑफ व्हायलाच नको होता. गेल्या रविवारचा तो गोल मी सोडला. जाणूनबुजून सोडला."

"का?"

"तुम्ही हॉस्पिटलात होतात ना! तुम्ही बघितल्याशिवाय ट्रॉफी उचलायची नव्हती मला." आता त्याला रडू आवरेना. "तुमच्यासाठी केलं हो सगळं."

बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तुला न सांगता यायचं, खूश करायचं, म्हणून डॉक्टरांच्या हातापाया पडून दोन तासांची सुट्टी काढली होती मी त्या दिवशी," ते म्हणाले. "गर्दीत, तुझ्याच जाळीच्या मागे बसलो होतो."