भारोभार

अकरावी ढेप चढली तरी कुणालचं पारडं जमिनीला चिकटलेलंच होतं.

"बारावी आणा," त्याचे चुलते केसरीनाथकाका म्हणाले आणि बायकांमध्ये हशा पिकला. कुणालही हसला. तराजूच्या पारड्यात मांडी घालून बसलेल्या माणसाला दुसरं करण्यासारखं काही नसतं.

भिवंडीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे पायलीचे पन्नास. पण नवसाला दोन पारड्यांचाच तराजू लागतो, म्हणून काकांनी तो ओळखीच्या लाकडाच्या वखारीतून टेम्पोत घालून आणला होता आणि गावदेवीच्या टेकडीखाली तीन लोखंडी पाइपांना टांगला होता. एका पारड्यात कुणाल, दुसऱ्यात दहा-दहा किलोच्या गुळाच्या ढेपा.

नवस आईचा, कमळाबाईंचा. कुणाल सात वर्षांचा असताना तापाने फणफणला होता, तेव्हा त्या बोलल्या होत्या, पोरगं उठून बसू दे, भारोभार गूळ वाहीन. तेव्हाच फेडला असता तर दोन ढेपांत भागलं असतं. पण आज करू उद्या करू म्हणता राहूनच गेलं, आणि आता लग्न पंधरा दिवसांवर आल्यावर कमळाबाईंना घाई सुटली. नवस डोक्यावर ठेवून मांडवात कसं जायचं? मधल्या वीस वर्षांत पोरगं उठून बसलं होतं खरं, पण मग बसूनच राहिलं होतं.

बारावी ढेप चढली, वर दोनेक किलोचे खडे पडले, तेव्हा कुठे त्याचं पारडं हललं.

"राजावानी भरला माजा पोरगा," कमळाबाई म्हणाल्या. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. कुणालच्या अंगावर चढायला जागाच नव्हती.

आईला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आठ दिवसांपासून गाडीच्या खणात एक रिपोर्ट पडून होता. धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरांनी साखरेच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. चाळीस किलो जास्त आहात, म्हणाले होते. सहा महिन्यांत वजन उतरलं नाही तर सत्ताविसाव्या वर्षी इन्सुलिन सुरू करावं लागेल. कुणाल घाबरला होता, आणि घाबरून त्याने त्याच संध्याकाळी बिर्याणी मागवली होती. तीन जिम लावून सोडल्या होत्या. चौथीचं नाव काढायची आता त्याला लाज वाटायची.

पहिली ढेप ज्याच्या नावाचा नवस त्यानेच देवीपर्यंत न्यायची, अशी चाल. बाकीच्या मग फोडून गावात वाटतात. कुणालने ढेप खांद्यावर घेतली. पायऱ्या पंचेचाळीस. पंधराव्या पायरीला घाम फुटला, पंचविसाव्या पायरीला छाती धडधडायला लागली आणि तिसाव्या पायरीवर डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने ढेप खाली ठेवली.

आणि अंग हलकं झालं. खांदा वर आला, श्वास पोटापर्यंत गेला. तो त्या ढेपेकडे बघतच राहिला. चाळीस किलो म्हणजे तोवर डॉक्टरांच्या तोंडचा नुसता आकडा होता. आता त्याला दिसलं, अशा चार. अशा चार ढेपा अंगाला बांधून तो झोपत होता, उठत होता, आणि पंधरा दिवसांनी त्या घेऊनच बोहल्यावर चढणार होता. त्या कुठे पायरीवर टेकवून दम खाता येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या गुडघ्यांची कीव आली.

मागून कमळाबाई चढत आल्या. "दमलास? थांब, काकाला हाक मारतंय. त्यो नेल."

"ही काका नेल, आये. बाकीच्या चार कोन नेल?"

"कंच्या चार?"

मग तिथेच पायरीवर बसून त्याने सगळं सांगून टाकलं. साखर, चाळीस किलो, इन्सुलिन. कमळाबाईंना आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. गुळाच्या राशीपाशी बायका अजून हसत होत्या.

"मीच वाढीत ऱ्हायले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मी कवा न्हाय बोललो?"

मग कुणालने ढेप पुन्हा खांद्यावर घेतली. अडतिसाव्या पायरीवर तो परत थांबला. कमळाबाई त्याच्या बाजूला थांबल्या, त्यांनी ढेपेखाली एक हात लावला, पण काकाला हाक मारली नाही.

ढेप देवीपुढे ठेवून कुणाल खांबाला टेकला. कमळाबाईंनी हात जोडून डोळे मिटले. नवस मनातल्या मनात बोलायचा असतो, पण त्या मुद्दाम मोठ्याने बोलल्या, पोराला ऐकू जाईल इतक्या.

"पुढल्या साली ह्याला परत तराजूत बसवीन. आजच्यापरीस जेवढा कमी भरंल, तेवढा गूल तुजा."

कुणालने धापा टाकतच विचारलं, "आनि कमी न्हाय भरलो तं?"

"तं देवी उपाशी ऱ्हाईल," कमळाबाई म्हणाल्या. "तुज्या डोल्यांदेखत."